आई-बाबा, मी विणायला शिकतेय

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, "घरात चांगली शिलाई मशीन असताना सुया कशाला हातात घेतल्यास?" असं तू विचारलंस. फोनवर त्याचं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय. कारण तुझा खांदा आहे.

तुझा हात डोक्याच्या वर जाईनासा झाला तेव्हापासून तुझे कपडे मी पुढून उघडे शिवते, बगलेत जास्तीचा तुकडा घालते, बाही सैल ठेवते. तरी कापडाच्या अंगात जे नाही ते शिवून आणता येत नाही. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात, ते ताणलं जातं फक्त तिरकं. सुयांवरच्या विणीत एकच धागा वळणं घेत जातो आणि प्रत्येक वळण खालच्या वळणातून बाहेर आलेलं असतं. ओढलं की वळण रुंदावतं, सोडलं की बरंचसं पूर्ववत होतं. हात मागे नेऊन बाहीत घालताना तुला जो त्रास होतो, तो असं वस्त्र पुष्कळ कमी करील. तू मला शिवायला शिकवलंस, म्हणून हे आधी तुलाच सांगायचं होतं.

शिवणाऱ्या हाताला इथे सगळ्यात नवखं काय वाटतं सांगू? कापायला काही नसतं. आपलं सगळं लक्ष बेतण्यात असतं. एकदा कात्री चालली की तो निर्णय कायमचा. विणताना कापड आणि कपडा एकाच वेळी जन्माला येतात. बगलेचा आकार हवा असेल तर दोन टाके एकत्र विणून कमी करायचे, बाही रुंद करायची तर टाके वाढवायचे. आणि आवडलं नाही तर सुई काढून धागा ओढला की सगळं उसवून पुन्हा लोकरीचा गुंडा हातात, चिंधी एकही नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. तुझ्या अंगावर घालून बघून पुन्हा करता येईल.

टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट, आणि तेही एकच टाका पुढून नि मागून पाहिलेला. सुलट बाजूने बाणाच्या टोकासारखी खूण दिसते, उलट बाजूने आडवा उंचवटा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली की गुळगुळीत वीण येते, पण तिच्या कडा गुंडाळतात. इस्त्रीने त्या कायमच्या बसत नाहीत. म्हणून कडेला दोन्हीकडून सुलटच विणलेली पट्टी ठेवायची, ती सपाट राहते. फिकट रंगाची, गुळगुळीत लोकर घेऊन शिकावं, गडद रंगात टाका दिसतच नाही. आणि दोरा ओढून बसवायची आपली सवय इथे सोडावी लागते, कारण टाका घट्ट झाला तर सुई त्यात शिरत नाही. धागा बोटांवरून नुसता वाहू द्यायचा.

बाबा, आता तुमच्या आवडीचा हिशेब. आधी एक चौकोनी नमुना विणायचा, धुऊन वाळवायचा आणि मग १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिलिमीटरच्या सुईवर साधारण २२ टाके येतात. म्हणजे ५० सेंटिमीटर रुंद पाठीला ११० टाके. पण माझा हात सैल असला आणि २२ ऐवजी २० आले, तर तेच ११० टाके ५५ सेंटिमीटर होतात! पाठ आणि पुढचा भाग मिळून १० सेंटिमीटरचा फरक. टेप, खडू आणि कागदी आकार यांच्यावर वाढलेल्या मला हा नमुना विणणं मुळीच जड जात नाही.

शिवण कामाला येते ती इथेच. विणलेले भाग जोडताना काठाचा टाका मिटलेला असतो, त्यामुळे कड उसवण्याची भीती नाही. सुलट बाजूनेच, काठच्या टाक्याच्या आतल्या आडव्या धाग्यांतून आलटून पालटून सुई घालत जायचं. दोरा हलकेच ओढला की जोड दिसेनासा होतो. कच्च्या टाक्याचाही उपयोग आहे. अवघड भागाआधी पूर्ण ओळीतून एक वेगळा दोरा ओवून ठेवायचा, मग उसवण त्या ओळीपाशी थांबते आणि एकही टाका गळत नाही.

जोड मुळीच नको असेल तर गोल विणतात, म्हणजे कपडा नळीसारखा एकसंध, आणि ते फार जुनं आहे. जर्मनीतल्या हँबुर्गच्या कला संग्रहालयात इ.स. १४०० च्या सुमारचं, चर्चच्या वेदीवरचं एक चित्र आहे, त्यात येशूची आई मेरी चार सुयांवर एक अंगरखा विणतेय, सुया गळ्याशी आहेत. बाबा, त्याचा फोटो मिळाला तर जरूर बघा.

तुमच्यासाठी मोजे विणायचे आहेत. इलॅस्टिकचे वळ संध्याकाळी तुमच्या पायांवर उठलेले मी पाहिलेत, ते मला बघवत नाहीत. एक सुलट, एक उलट अशी वीण घातली की सुलट टाक्यांच्या उभ्या रेघा पुढे येतात, उलटच्या मागे जातात, आणि वीण आपसूक आकसते आणि ताणलीही जाते. इलॅस्टिक नको. शिवताना आपण मापात नेहमी थोडं वाढवतो, मोज्यात उलट साधारण १० टक्के घटवतात, म्हणजे तो पायावर बसतो. तुमच्या पोटरीशी मी तेवढं घटवणार नाही. टाचेचं वळण अवघड आहे, म्हणून आधी आईचं होऊ द्या.

आई, धुण्याचं आत्ताच सांगते. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात; गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात, कपडा आकसून जाड होतो आणि पुन्हा मोकळा होत नाही. कोमट पाणी, हलका हात, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. दोरीवर टांगलं तर स्वतःच्या ओल्या वजनाने लांबतं.

आता मला मापं हवीत. आईची छाती, दंड आणि खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची, नेहमीच्या कपड्यांवरून, श्वास मोकळा सोडून. दुखऱ्या बाजूचा दंड वेगळा मोज. बाबांच्या तळव्याची लांबी, पंजाचा घेर आणि पोटरीचा घेर. पाय संध्याकाळी मोजा, सकाळी नको. टेप बाबांनी धरावा, आकडे आईने लिहावेत. रंगही दोघांनी मिळून कळवा.

तुमची,
लेक