टॉड्री

प्रिय शेखर,

सप्रेम नमस्कार. माझ्या अनुवादाचं एवढं बाड वाचून तू नेमकी एकाच शब्दाखाली लाल रेघ मारलीस, आणि तोच शब्द मला आठवडाभर छळत होता. इंग्रजी 'टॉड्री'चं मी 'भपकेबाज' केलं होतं. तू समासात लिहिलंस, 'अरे, भपक्याला पैसा लागतो!' पटलं. टॉड्री म्हणजे पैसा नसताना केलेला भपका. लांबून डोळे दिपतात, जवळ गेलं की पितळ उघडं पडतं.

मग शब्दाच्या मागेच लागलो. निघालं काय, तर हे मुळात एका बाईचं नाव. तेही कुणा नटवीचं नाही, चक्क संन्यासिनीचं!

सातव्या शतकात इंग्लंडच्या पूर्व भागात ॲना नावाचा राजा होता. (हो, राजाच.) त्याची मुलगी एथेलथ्रिथ. तिची दोन लग्नं झाली, पण संसारात मन नव्हतं. शेवटी नॉर्थम्ब्रियाच्या राजाचं राणीपद सोडून ती संन्यासिनी झाली आणि 673 साली ईलीच्या दलदलीतल्या उंचवट्यावर तिने मठ उभा केला. मठात आल्यापासून लिननचं मऊ कापड अंगाला लावलं नाही, फक्त लोकर. ऊन पाण्याने अंघोळ करायची तीही मोठ्या सणांच्या आधी. हे सगळं बीड नावाच्या भिक्षूने 731 साली पुऱ्या केलेल्या इतिहासात लिहून ठेवलंय.

679 साली ती गेली. गळ्यावर मोठी गाठ आली होती, वैद्याने ती फोडली, पण तिसऱ्या दिवशी दुखणं उलटलं. या गाठीबद्दल ती म्हणायची, लहानपणी गळ्यात उगाच दागिन्यांचं ओझं मिरवलं, त्याचं हे फळ. सोन्यामोत्यांच्या जागी आता ही लाल, जळजळती सूज. बीड म्हणतो, सोळा वर्षांनी बहिणीने तिची शवपेटी उघडवली, तर देह जसाच्या तसा आणि जखम भरून आलेली. झाली संत! पुढे एथेलथ्रिथ हे नाव लोकांच्या तोंडात झिजत झिजत 'ऑड्री' झालं.

तिच्या नावाने ईलीला 17 ऑक्टोबरच्या सुमारास जत्रा भरायची आणि त्या जत्रेत विकायला काय, तर गळ्यात बांधायच्या रेशमी फिती! 'सेंट ऑड्रीज लेस'. ही लेस म्हणजे फ्रॉकला लावतात ती जाळी समजू नकोस, बुटाची लेस असते तशी बांधायची दोरी. लेस हा शब्द लॅटिनमधल्या फासावरून आलाय. गळ्याच्या दुखण्याने गेलेल्या बाईच्या नावाने गळ्यात बांधायचा फास! ही थट्टा कुणी मुद्दाम केलेली नाही, म्हणून जास्त बोचते.

आता 'सेंट ऑड्री' पाच वेळा भराभर म्हणून बघ. तिसऱ्या वेळेलाच 'सेंट'मधला ट घर सोडून पलीकडे जातो आणि टॉड्री तयार. लंडनमधली टूली स्ट्रीट अशीच सेंट ओलाव्हच्या नावातून निघाली. उलटा प्रकारही आहे. 'अ नेप्रन'मधला न मागे सरकला आणि 'अन एप्रन' झालं. अक्षरांची ही उचलेगिरी मला फार आवडते, पण तो विषय परत कधीतरी.

गंमत अशी की टॉड्री ही आधी शिवी नव्हतीच. 1611 साली ज्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे त्या शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये मोप्सा नावाची मेंढपाळाची पोर आपल्या गड्याला ऐकवते, टॉड्री लेस आणि सुवासिक हातमोजे द्यायचं कबूल केलं होतंस ना? म्हणजे हट्ट धरून मागावी अशी ती वस्तू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याच शब्दाला नाक मुरडणं चिकटलं. माल स्वस्त, रंग भडक, असंच कारण असणार. पण मला विचारशील तर नाकं मुरडणारे मोप्साच्या रांगेतले नसावेत. त्यांना खरं रेशीम परवडत असणार.

म्हणूनच मराठी शब्द सापडेना. 'भडक'मध्ये रंग येतो, गरिबी येत नाही. 'हिणकस'मध्ये कस येतो, हौस येत नाही. 'दिखाऊ' फारच सरळ. सध्या 'जत्रेतला' या शब्दावर येऊन थांबलोय. वाक्य असं होतं: 'तिने जत्रेतल्या झगमगाटाने खोली भरून टाकली होती.' स्वस्ताई आली, हौस आली, आणि शब्दाचं मूळ गावही आपसूक आलं. पण पुढच्याच प्रकरणात हाच शब्द एका माणसाच्या भाषणाला लावलाय. 'जत्रेतलं भाषण' म्हटलं तर वाचणारा भलतंच समजेल.

तिथे काय करू? लाल पेन तुझ्याकडेच आहे, सुचव काहीतरी. सोमवारी बाड छापायला द्यायचंय, त्याआधी कळव.

तुझा,
विनू