हैतीचा हिशेब कागदोपत्री आहेच

हैतीकडून वसूल केलेल्या रकमेचा इतिहास तपासण्यासाठी फ्रान्सने एप्रिल 2025 मध्ये संयुक्त आयोग जाहीर केला, त्याचे स्वागत करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. हे स्वागत मला पटले नाही. मुळात तपासायचे उरले आहे काय?

हैती ही कॅरिबियनमधली फ्रान्सची वसाहत; तेथील गुलामांनी बंड करून 1804 मध्ये हा देश स्वतंत्र केला. जुलै 1825 मध्ये फ्रान्सच्या 14 युद्धनौका राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सवर आल्या आणि राजा दहावा चार्ल्स याचा हुकूम हैतीचे अध्यक्ष बोयेर यांच्यापुढे ठेवला गेला : स्वातंत्र्याला मान्यता हवी तर 15 कोटी फ्रँक मोजा. ही भरपाई फ्रेंच मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची होती आणि त्या मालमत्तेत गुलामही धरले होते. म्हणजे मुक्त झालेल्या माणसांनी स्वतःचीच किंमत भरायची! पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज घ्यावे लागले. 3 कोटींच्या कर्जातले हाती पडले 2 कोटी 40 लाख. पुढे 1838 मध्ये मागणी एकूण 9 कोटींवर आली, तरी त्यापायी झालेले कर्ज फिटायला 1947 साल उजाडले. स्वतः क्रांतीतून जन्मलेल्या अमेरिकेनेही हैतीला मान्यता दिली ती थेट 1862 मध्ये.

हुकूम, हप्ते, कर्जरोखे यांच्या नोंदी आहेत. अध्यक्ष मॅक्राँ यांनी आयोगाची घोषणा केली, पण परतफेडीचे वचन दिले नाही. इतिहासकारांनी आपले काम जरूर करावे; फ्रान्सने निदान मुद्दल कधी परत करणार, ते सांगावे.

– एक वाचक, सातारा