सेंटरमधून आलेल्या पोराने बसायचं कोणाजवळ?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गांजा पकडला, बटन म्हणजे नशेच्या गोळ्या पकडल्या अशा बातम्या तुमच्या पेपरात येतात, त्या यायलाच पाहिजेत, पण पोरगा व्यसनमुक्ती सेंटरमधून घरी आल्यावर त्याचं पुढं काय होतं ते कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझा भाचा, भुसावळचाच, बटनच्या नादी लागला. तीन महिने सेंटरला राहून चांगला होऊन आला, वजन वाढलं होतं, चेहऱ्यावर तेज होतं. आणि आम्ही काय केलं, तर कपाटाला कुलूप, मोबाईल काढून घेतला, कॉलनीतल्या लोकांनी आपल्या पोरांना सांगितलं की त्याच्याशी बोलू नका, लग्नाला सगळ्यांना बोलावणं आणि याला म्हणे तू घर सांभाळ. अख्ख्या गावात "ये ना भो, बस" म्हणणारे फक्त ते जुन्या कट्ट्यावरचेच उरले होते. दीड महिन्यात पुन्हा सुरू. तेव्हा मीही त्याला नालायक म्हटलं होतं, ते आजही टोचतं.

नंतर वाचायला लागलो. कॅनडात ब्रूस अलेक्झांडर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकाच्या शेवटी उंदरांवर प्रयोग केला होता, पिंजऱ्यात एकटे ठेवलेले उंदीर मॉर्फिनचं पाणी जास्त प्यायचे, आणि मोकळ्या जागेत सोबत्यांबरोबर खेळणारे बरंच कमी. नंतर काहींनी तोच प्रयोग केला तर प्रत्येक वेळी तसंच निघालं नाही, हेही खरं. पण माणसांचं घ्या ना. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक 1971 मध्ये घरी परतले, ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी त्यांचा माग ठेवला, तर पहिल्या वर्षात शंभरातले जेमतेम पाच जण पुन्हा अडकले. ती जागा सुटली, ती संगत सुटली, घरची माणसं भेटली. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालू आहे, तिथंसुद्धा पेशंटबरोबर घरच्यांनाही बसवून समजावतात, ते उगाच नाही. औषध लागतंच, डॉक्टर लागतोच, पण औषधाने शरीरातली गोळी निघते, संध्याकाळी सहा वाजता जायचं कुठे हा प्रश्न तसाच राहतो.

दुसऱ्यांदा सेंटरमधून आला तेव्हा बहिणीच्या दिरांनी त्याला यावलकडे आपल्या मळ्यात नेलं. केळीची पिलं कापतो, गाडी भरू लागतो, दुपारी मजुरांच्याच पंगतीत कळण्याची भाकरी खातो, आणि काकांनी पहिल्याच आठवड्यात मजुरीचे पैसे वाटायला त्याच्याच हातात दिले. आम्ही घाबरलो होतो. एक रुपया कमी झाला नाही. आज चौदा महिने झाले.

पोळ्याला तो घरी येतोय, चार दिवस राहील. कॉलनीतली पोरं रोज संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉल खेळतात, त्यांच्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या चार दिवसांत त्यालाही खेळायला हाक मारू द्या.

आपला,
एक मामा, भुसावळ