हॉब्सनचा घोडा आणि आपली विहीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील एका लेखात, दोन नकोशा उमेदवारांमध्ये सापडलेल्या मतदाराच्या अवस्थेला ‘हॉब्सन्स चॉइस’ म्हटले असून त्याचा अर्थ ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असा दिला आहे. इंग्रजी वाक्प्रचार वापरण्यास हरकत नाही, पण हा येथे चुकीच्या जागी बसला आहे. आड आणि विहीर हे वाईट का होईना, दोन पर्याय झाले. हॉब्सनकडे पर्याय एकच असे, आणि तो नाकारून घरी परतण्याची मोकळीक असे.

हा हॉब्सन कल्पित नव्हे. थॉमस हॉब्सन हा केंब्रिज ते लंडन टपाल आणि माल वाहणारा गाडीवान, जोडीला घोडे भाड्याने देणारा. १७१२ साली ‘स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकात रिचर्ड स्टील यांनी सांगितलेल्या हकिगतीनुसार, विद्यार्थी घोडे बेफाम पळवतात हे पाहून त्याने चाळीस जनावरांची मोठी पागा ठेवली होती. गिऱ्हाइकाला तो पागेत नेई, सारे घोडे डोळे भरून पाहू देई, पण न्यायचा तो दाराजवळ उभा असलेलाच. त्यामुळे गिऱ्हाइकाला मिळे ते त्याच्या नशिबाने, आणि चांगल्या घोड्याचीच रोज दमछाक होत नसे. म्हणजे ज्याला आज आपण अडवणूक समजतो, ती मुळात जनावरांची पाळी होती! वाक्प्रचार मात्र स्टील यांच्याही आधी, सतराव्या शतकातच, छापील इंग्रजीत आढळतो. प्लेगमुळे लंडनच्या फेऱ्या थांबल्या आणि १६३१ च्या जानेवारीत हॉब्सन वारला, तेव्हा केंब्रिजमध्येच शिकणाऱ्या जॉन मिल्टन यांनी, फिरत होता तोवर जगलेला हा माणूस थांबताच संपला, अशा थट्टेच्या सुरात त्याच्यावर दोन कविता रचल्या.

आड-विहिरीसाठी इंग्रजी शब्द हवाच असेल, तर ‘मॉर्टनचा काटा’ अधिक जवळचा आहे. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याचे चॅन्सलर (प्रमुख मंत्री) मॉर्टन यांच्या नावावर असा युक्तिवाद सांगितला जातो, की जो थाटात राहतो त्याच्याकडे राजाला देण्याजोगा पैसा दिसतोच, आणि जो काटकसरीने राहतो त्याने तो साठवलेला असणारच; काट्याचे कोणतेही टोक लागले, तरी पैसे जाणार ते जाणारच.

हॉब्सनची ओळख मला पुस्तकाआधी खानावळीत झाली. आमच्या मावशी पळी हातात धरून ‘काय वाढू?’ असे रोज अगत्याने विचारत, आणि पातेल्यात रोज एकच भाजी असे. कोणी कुरकुर केली, की ‘हवी तर घे, नाहीतर ताकभात खा’ एवढे म्हणून त्या पुढच्या ताटाकडे वळत. लेखकाला मराठी प्रतिशब्द द्यायचाच होता, तर मावशींचे ते वाक्य चालले असते.

आपला,
एक वाचक, मिरज