मोहोळसाहेब, विमानतळ मेट्रोची देखभाल कुणाकडे, ते आधी लिहून घ्या

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या नव्या टर्मिनलमधून जुलै २०२४ मध्ये विमानं सुटू लागली. त्याच्या चार महिने आधी मेट्रो रामवाडीपर्यंत आली होती. मधला तुकडा अजून रिक्षावाल्याच्या मर्जीवर आहे. आता खराडीहून विमानतळापर्यंत मार्ग न्यायचा विषय निघाला आहे आणि आपण त्यात लक्ष घातलं आहे. चांगलंच आहे, मेट्रो लवकर यावी. माझं म्हणणं ती आल्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे.

माझी सगळी नोकरी मोठ्या सार्वजनिक इमारतींच्या देखभालीत गेली. त्यामुळे नकाशा हातात आला की माझी नजर आधी दोन इमारती जिथे एकमेकींना भेटतात तिथे जाते. मेट्रो स्टेशन आणि टर्मिनल यांना जोडणारा पूल किंवा भुयार बांधताना मध्ये फट सोडावीच लागते, कारण दोन्ही बांधकामं आपापल्या परीने खचतात, तापतात, हलतात. त्या फटीवर धातूची पट्टी, खाली रबर. काही पावसाळ्यांनंतर रबर कडक होऊन चिरतं, पट्टीची एक कड वर येते आणि बॅगेची चाकं तिथे अडकतात. फटीतून झिरपलेलं पाणी खालच्या फॉल्स सीलिंगमध्ये साचतं, तिथून विजेच्या पाइपात उतरतं. अलीकडची फरशी विमानतळाची, पलीकडची मेट्रोची. पट्टी कुणाची? हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो तो कुणीतरी तिथे पडल्यावर. मग दोन्ही ऑफिसांतून एकच उत्तर येतं: ‘आमच्या स्कोपमध्ये नाही.’

एका ठिकाणी (नाव घेत नाही) असाच एक लिफ्टचा प्रकार पाहिला. लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार (एएमसी) एका संस्थेकडे, वीजपुरवठा दुसऱ्या संस्थेच्या मीटरवरून. पुरवठा ट्रिप झाला. लिफ्ट कंपनीचा माणूस आला, रजिस्टरमध्ये ‘लिफ्ट ओके, सप्लाय नाही’ असं लिहून सही करून गेला. दुसऱ्या ऑफिसचं म्हणणं, पॅनेल आमचं असलं तरी खोलीची किल्ली त्यांच्याकडे. कागदावर कुणाचीच चूक नव्हती. व्हीलचेअरवरची माणसं तेवढी पार्किंगच्या उतारावरून वळसा घालून जात होती.

जबाबदारी वाटून दिली की काम होतं, हा समज दिल्लीत किती महागात पडला ते आपल्याला ठाऊक आहे. एअरपोर्ट एक्स्प्रेसचे खांब, गर्डर आणि बोगदे दिल्ली मेट्रोने बांधले. रूळ, सिग्नल, गाड्या आणि चालवणं रिलायन्स इन्फ्राच्या कंपनीकडे होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये गाडी धावली. जुलै २०१२ मध्ये गर्डर आणि बेअरिंग (खांब आणि गर्डर यांच्यामधला आधार) यांतल्या दोषांवरून सगळी लाइन बंद झाली आणि जानेवारी २०१३ पर्यंत बंदच राहिली. दोष कुणाचा, तो किती दुरुस्त झाला, यावर दोघांचं एकमत झालं नाही. त्याच वर्षी जूनअखेर खासगी कंपनी बाहेर पडली. लवादाने २०१७ मध्ये २,७०० कोटींहून जास्त रकमेचा निवाडा तिच्या बाजूने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो रद्द केला. एका बेअरिंगवरून सुरू झालेलं भांडण बारा वर्षं चाललं. कोर्टात कोण बरोबर ठरलं यापेक्षा मला हे जास्त खुपतं की बंद काळात प्रवासी टॅक्सीच्या रांगेत उभा होता.

मुंबईत भुयारी मेट्रो ३ ची स्टेशनं विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपाशी आहेत. तिच्या मूळ आर्थिक आराखड्यात विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचा वाटा ७७७ कोटी रुपये धरलेला होता. म्हणजे बांधायच्या खर्चात विमानतळाने हिस्सा द्यायचा, हे आपल्याकडे मान्य झालेलं आहे. मग देखभालीचाही हिस्सा तितक्याच ठळकपणे ठरवायला अडचण काय? बांधकामाचा आकडा बातमीत येतो, सरकत्या जिन्याच्या साखळीचा येत नाही, एवढंच मला कारण दिसतं. याच मार्गावरचं आचार्य अत्रे चौक स्टेशन २६ मे २०२५ च्या पावसात पाण्याने भरलं, तेव्हा पाणी शिरलं ते काम सुरू असलेल्या प्रवेशमार्गातून. तिथे विमानतळ नव्हता, पण पाणी तयार आणि अर्धवट बांधकामाच्या सांध्यातूनच आलं.

पुण्यात तर गुंता आणखी मोठा. धावपट्टी हवाई दलाची, टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं, मेट्रो महामेट्रोची, बाहेरचा रस्ता महापालिकेचा. आपण या शहराचे महापौर होता. दोन वॉर्डांच्या हद्दीवरचा कचरा किती दिवस पडून राहतो, हे मी आपल्याला सांगायला नको. मुळशीतल्या बांधासारखंच आहे हे: दोघांचा म्हटला की त्यावरची काटेरी झुडपं कुणीच तोडत नाही.

म्हणून माझं एकच मागणं आहे. जोडणाऱ्या भागाचे तुकडे करून वाटू नका. दिवे याचे, लिफ्ट त्याची, पाण्याचा पंप तिसऱ्याचा अशी यादी कागदावर न्याय्य दिसते आणि जागेवर फसते, कारण लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आलं की पंपवाला आणि लिफ्टवाला दोघंही एकमेकांची वाट बघतात. स्टेशनच्या तिकीट गेटपासून टर्मिनलच्या दारापर्यंतचा सगळा पट्टा एकाच संस्थेने सांभाळावा आणि खर्च दोघांनी ठरलेल्या प्रमाणात भरावा. झाडू, फरशी, लिफ्ट, जिने, निचरा, आगीची घंटा, दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या फरश्या, पाट्या, सगळं. माझ्या मते ही संस्था महामेट्रो असावी, कारण रोज पहाटे तो भाग उघडायचा आणि रात्री बंद करायचा तो तिनेच. विमानतळाच्या प्रतिबंधित भागात शिरायला पास लागतात. रात्री दोनला पंप बंद पडला तर मेकॅनिकने पास काढत बसायचं का? हद्दीची रेषा त्या भागाच्या बाहेर आखली की हा प्रश्न उरत नाही.

पैशांचंही आजच बोललेलं बरं. अमेरिकेत पोर्टलंड शहराची लाइट रेल सप्टेंबर २००१ मध्ये विमानतळापर्यंत गेली. तिथे विमानप्रवाशांच्या तिकिटातून गोळा झालेला पैसा विमानतळाच्या जागेतल्या कामावरच खर्च करता येतो, त्यामुळे कुठल्या मीटरपासून कुणाचा पैसा, हे आधी ठरवणं भागच पडलं. आपल्याकडे मोठ्या विमानतळांचे दर ‘एरा’ ही नियामक संस्था ठरवते. देखभालीचा वाटा प्रवाशाच्या शुल्कातून घ्यायचा असेल तर तो तिथे उघडपणे मांडावा. रक्कम वेगळ्या खात्यात राहावी. रोजची झाडलोट आणि पंधरा-वीस वर्षांनी बदलावे लागणारे सरकते जिने, दोन्हींची तरतूद पहिल्या वर्षापासून व्हावी. नाहीतर जिना बदलायची वेळ येते तेव्हा त्याच्याभोवती पत्रे लागतात आणि ते वर्षभर हलत नाहीत.

प्रत्येक लिफ्टवर आणि जिन्यावर एकच फोन नंबर असू द्या. प्रवाशाला प्राधिकरण कोणतं आणि महामेट्रो कोणती, याच्याशी देणंघेणं नसतं.

मुंबईबद्दल आपल्याला विचारलं तर तिथे खासगी कंपनी आहे, राज्य सरकार आहे, अशी कारणं देता येतील. पुण्यात विमानतळ प्राधिकरण आपल्याच मंत्रालयाखाली आहे. मेट्रोचा आराखडा मंजुरीला जाईल तेव्हा त्यासोबत या देखभालीच्या कराराचा मसुदा जोडा आणि तो मराठीत पुणेकरांसमोर ठेवा. हरकती घ्यायला आमच्यासारखे निवृत्त लोक भरपूर आहेत, वेळही भरपूर आहे. नवी मुंबई विमानतळाच्या मेट्रोला आणि उद्या पुरंदरच्या नियोजित विमानतळाला तोच मसुदा थोड्या फेरफाराने चालेल.

आपला,
विमाननगरचा एक मतदार
(निवृत्त देखभाल अभियंता)