मोर्चाचा फोटो पाहिल्यावर

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर जे झालं त्यावर आता काही बोलायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे. तू रागानं फोन ठेवलास, मीही परत लावला नाही. समोर वर्ग नसला की माझा आवाज उगीच चढतो, तुला माहीतच आहे. म्हणून हे कागदावर. ओंकार फोटो काढून पाठवील तुला.

तो मोर्चाचा फोटो मला सुमाआत्यानं दाखवला. तिला कुणी पाठवला देव जाणे. पुठ्ठ्याचा फलक तुझ्या हातात, मी दिलेली बांधणीची ओढणी नाकापर्यंत ओढलेली आणि डोळे लालबुंद. फीवाढीचा मोर्चा होता हे तू सांगितलंस. अश्रुधुराचं मात्र सांगितलं नाहीस. तुझं ते फ्रान्समध्ये राहण्याच्या परवान्याचं कार्ड कधी संपतं गं? बाबांना विचारलं तर म्हणाले, तिला विचार.

"आई, स्वातंत्र्य-समता-बंधुता शिकवताना तुझा आवाज कसा खणखणीत लागायचा, मी होते त्या वर्गात," असं म्हणालीस. होतीस. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. मग पावाचं गणितही आठवत असेल. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी पॅरिसमध्ये चार पौंड वजनाचा पाव एरवी आठ-नऊ सूला मिळायचा, सू म्हणजे तिथलं जुनं नाणं. १७८८ च्या उन्हाळ्यात गारपिटीनं उभी पिकं झोपली आणि १७८९ च्या जुलैत तोच पाव साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. उरलेल्यात भाडं, सरपण, कपडा बसवून दाखवा, असं मी वर्गाला सांगायचे. कुणाचंच गणित बसायचं नाही. मग मी बास्तीयच्या तुरुंगाकडे वळायचे.

ते गणित मी पुस्तकातून उचललेलं नव्हतं. दादांच्या मागाचा मजुरीवाढीचा संप लांबला तेव्हा आई मला किराण्याच्या दुकानात पाठवायची. स्वतः जायची लाज वाटायची तिला. दुकानदार तोंडानं काही म्हणत नसे. उधारीची वही नुसती माझ्या बाजूला फिरवायचा आणि बेरजेखाली बोट ठेवायचा, लांब नख वाढवलेलं. मी परकराच्या ओच्यात ज्वारी घेऊन परत यायचे, तीही अर्धी. संप मिटल्यावर दादांना कामावर घेतलं नाही. पुढारी होते ते सगळे परत लागले, दादा मागं राहिले. आईनं घरी कांड्या भरून आम्हाला वाढवलं. तुला हे ठाऊक आहे, तरी सांगते.

भुकेनं क्रांती होते असं मात्र मी कधी शिकवलं नाही, हे तू फोनवर उगाच माझ्या तोंडी घातलंस. भूक १७७५ लाही होती. तेव्हाही पिठावरून दंगे झाले, लष्कर आलं, माणसं फासावर गेली आणि राजा होता तिथंच राहिला. पुढच्या चौदा वर्षांत अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध झालं. इंग्रजांना धडा शिकवायला म्हणून फ्रान्सच्या राजानं तिथं पैसा ओतला आणि तिजोरीतला निम्मा पैसा नुसत्या कर्जफेडीत जायला लागला. सरदार आणि चर्च मुख्य करातून सुटलेले, म्हणजे भरणार कोण ते आलंच. तिकडून परतलेले शिपाई सांगत आले की राजाशिवाय चालतं. पत्रकं निघाली, कॉफीघरांत मोठ्यानं वाचली गेली. आपण उपाशी आहोत ते नशिबानं नाही, कुणाच्या तरी सोयीनं आहोत, हे एकदा डोक्यात शिरलं की मग ते कसं काढणार?

लागले बघ शिकवायला. पण एक सांगू दे, मग थांबते.

तू तिथं समुद्रातल्या पवनचक्क्या शिकायला गेलीस आणि मी इकडं तुझ्या नांत शहराबद्दल वाचत बसते. लुआर नदीच्या काठावर जमिनीत बसवलेल्या काचेच्या पट्ट्यांचा फोटो तू पहिल्याच महिन्यात पाठवला होतास. 'जहाजांची नावं आहेत, मस्त दिसतं,' असं खाली लिहिलं होतंस. गुलामांच्या व्यापाराची जहाजं ती. अठराव्या शतकात त्या व्यापारातलं फ्रान्सचं सगळ्यात मोठं बंदर तुझं नांत. त्यातली कितीतरी जहाजं माणसं घेऊन सँ-दोमिंगला जायची, म्हणजे आजच्या हैतीला. तिथं पाचेक लाख गुलाम आणि गोरे तीस-चाळीस हजार. युरोपच्या चहा-कॉफीत पडणारी साखर बरीचशी तिथली आणि कॉफीसुद्धा.

फ्रान्समध्ये जाहीरनामा निघाला, माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. लिहिणाऱ्यांच्या मनात हे मळ्यांवरचे लोक नव्हते. व्हिन्सेंट ओझे नावाचा मिश्रवंशीय व्यापारी होता, स्वतंत्र आणि पैसेवाला. आम्हाला तरी मताचा हक्क द्या म्हणून तो पॅरिसच्या सभेपुढं गेला. गुलामांचं तो बोलतही नव्हता. परत जाऊन त्यानं बंड केलं, तर १७९१ च्या फेब्रुवारीत त्याला चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. त्याच ऑगस्टमध्ये उत्तरेकडचे गुलाम उठले आणि उसाचे मळे पेटले. १७९४ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या सभेनं गुलामगिरी बंद केली तेव्हा सभागृहात झाँ-बाप्तिस्त बेले बसलेला होता, सेनेगलमध्ये जन्मलेला, स्वतः गुलामीतून सुटलेला. आमच्या पाठ्यपुस्तकात यातलं काही नव्हतं. वॉशिंग्टन होता, जेफरसन होता. सगळी माणसं समान म्हणणाऱ्या जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते, ही ओळ तिथंही नव्हती.

पण मला जे सांगायचं आहे ते तूसँ लूव्हेर्त्यूरच्या मुलांचं. तूसँ एकेकाळी मळ्यावर गाडीवान होता, पुढं सबंध बेटाचा सेनापती झाला. १७९६ मध्ये त्यानं इझाक आणि प्लासिद या दोन मुलांना पॅरिसला शिकायला पाठवलं. आपण तुला पाठवलं तसंच म्हण. त्याला अभिमान होता. १८०१ च्या अखेरीस नेपोलियननं बेट परत ताब्यात घ्यायला आपल्या मेव्हण्याबरोबर सैन्य धाडलं आणि त्याच गलबतांतून ही दोन मुलंही पाठवली, त्यांच्या शिक्षकासह आणि बापाच्या नावच्या पत्रासह. जवळजवळ सहा वर्षांनी बापानं मुलं पाहिली, ती अशी. बोलणी फिसकटल्यावर तो त्यांना म्हणाला की फ्रान्स की मी, तुमचं तुम्ही ठरवा, माझी माया कमी होणार नाही. पोटचा इझाक म्हणाला, फ्रान्सविरुद्ध मी शस्त्र धरणार नाही. प्लासिद बायकोचा आधीचा मुलगा, तो बापाजवळ राहिला.

इझाकचा मला राग येत नाही. ज्या देशानं सहा वर्षं शिकवलं त्याच्यावर बंदूक कशी रोखायची, हे त्याचंही खरंच. मी पुस्तक मिटून त्यांच्या आईचा, सुझानचा विचार करत बसले. काही महिन्यांतच तूसँला दग्यानं पकडलं. १८०३ च्या एप्रिलमध्ये स्विस सीमेजवळच्या एका किल्ल्यात थंडीनं आणि आजारानं तो गेला, एकटाच. हैती १८०४ मध्ये स्वतंत्र झालं, ते त्याला दिसलं नाही. सुझानला मुलांसकट फ्रान्सला नेलं, १८१६ मध्ये ती तिथंच गेली. आणि १८२५ मध्ये फ्रान्सनं युद्धनौका उभ्या करून हैतीकडून १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून. पुढं ते नऊ कोटींवर आलं, पण ते भरायला काढलेलं कर्ज फिटता फिटता १९४७ उजाडलं. बघ, कुणी कुणाला पैसे द्यायचे!

तेव्हा मोर्चा चूक, असं मी म्हणत नाही. दादांची मुलगी कशी म्हणेल? मी म्हणते ते एवढंच की तू तिथं परकी आहेस. टॉमस पेन घे. इंग्लंडचा कंचुक्या शिवणारा माणूस, अमेरिकेला स्वातंत्र्याची भाषा दिली त्यानं. फ्रान्सनं डोक्यावर घेतला, सभासद म्हणून निवडून आणला, फ्रेंच धड येत नसताना. राजाला मारू नका असं म्हणाला आणि वर्ष संपायच्या आत परदेशी म्हणून तुरुंगात. मान जाता जाता राहिली. त्याच पेनचं पुस्तक पुढं पुण्यात जोतिरावांनी वाचलं आणि १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या लोकांना. म्हणजे तुरुंगात गेला म्हणून वाया गेला असंही नाही. माझंच मला उलटं पडतंय, कळतंय मला.

तुझ्या वर्गातली फ्रेंच मुलं रात्री पोलीस चौकीतून सुटून घरी जातील. तुझं घर इथं आहे. कार्ड अडलं तर कोण धावणार? बाबांचा बीपी, माझे गुडघे, आणि दादा तर आता ओळखतही नाहीत कुणाला. फोटो मात्र दाखवला मी त्यांना. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ही कोण, पुढं उभी आहे ती?" मी म्हटलं, तुमची नात. "मागं उभं राहायला सांग तिला," म्हणाले. आयुष्यभर स्वतः पुढं उभे राहिले आणि आता हे.

रागावू नकोस. भाषण झालं परत, माफ कर. फलकावरचं अक्षर तुझंच आहे, लांबूनही ओळखू आलं. फ्रेंच मला कळत नाही, पण सुमाआत्याला मी सांगितलं की शुद्धलेखनाची एकही चूक नसणार त्यात. ती म्हणाली, वहिनी तुम्हाला काही वेगळंच दिसतं.

मेतकूट आणि लसणाची चटणी ओंकारच्या मित्राबरोबर पाठवते, तो वीस तारखेला पॅरिसला उतरतोय. चष्मा घालत जा, लेन्स नको, धुरात लेन्सनं डोळ्यांचं वाटोळं होतं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कार्डाची तारीख कळव. पुढचा मोर्चा कधी आहे तेही कळव, शनिवारीच असतो ना? घरी पोचलीस की फोन कर, इथं मध्यरात्र झाली असली तरी.

तुझी,
आई

ता. क. डॉक्टरीणबाईंना मी कारण सांगितलं नाही. कांदा चिरताना म्हणाले.