काका, दुधाचे कॅन कुठे राहिले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धुळ्याहून दर रविवारी पहाटे साक्री रस्त्याने नेरपर्यंत जाऊन येणारे आमचे आठ-दहा सायकलवाल्यांचे टोळके आहे. गेल्या महिन्यात त्यात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. सायकल काळी, बावीस इंची, मागे कॅरिअर. डोक्याला हेल्मेट मात्र होते. "काका, दुधाचे कॅन कुठे राहिले?" असे एकाने विचारले आणि सगळे हसले. मीही हसलो, म्हणून हे पत्र.

माझी सायकल कार्बन फायबरची, म्हणजे अगदी हलकी. घेतली तेव्हा आठवडाभर शेजाऱ्यांना ती एका हाताने उचलून दाखवत होतो, त्यामुळे दुसऱ्याला नावे ठेवायचा मला अधिकार नाही. पण हिशेब मांडतो. आमच्यातल्या दीड लाखाच्या आणि तीन लाखांच्या सायकलीत फरक असेल दीड किलोचा. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या भरल्या की झाला तेवढा! व्यावसायिक शर्यतीतही 6.8 किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी तेवढे वजन पोटावरच साठवले आहे. शिवाय वजन जाणवते ते लळिंगच्या चढावर. साक्री रस्त्यावर गाठ असते ती समोरून येणाऱ्या वाऱ्याशी. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तिकडे उगाच उभ्या नाहीत.

अशा वाऱ्यात पुढच्याच्या चाकामागे राहिले की बरेच कष्ट वाचतात. माणूस कळतो तो इथेच. पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा, कचकन ब्रेक मारायचा नाही, आणि आपली पाळी आली की निमूटपणे पुढे जाऊन वारा खायचा. त्या दिवशी वारा असा होता की सगळ्यांचाच वेग अठरावर आला. कार्बनच्या चाकांवर मिरवणारा आमचा एक वीर कुसुंबा गाव मागे गेले तरी पुढे आला नाही. काका मात्र दोनदा आले. वीस किलोचे धूड, पण रेष सुतासारखी. प्रत्येक खड्डा, प्रत्येक वाळूचा पट्टा त्यांनी दाखवला. परतीला वारा पाठीशी आल्यावर तोच वीर असा सुटला, जणू सकाळपासून गाडी त्यानेच ओढली होती.

काळ्या सायकलीने सगळे साधते, असे मी म्हणत नाही. परतीला काका मागे पडलेच. गिअर नसताना पाय फिरवून फिरवून किती फिरवणार? पावसात रॉडब्रेक नीट लागत नाहीत, तेव्हा त्यांना जास्त अंतर ठेवायला सांगणे ही घमेंड नव्हे. हेल्मेट नसेल, मागचा दिवा नसेल, तर जरूर अडवा. पण पेडलला अडकणारे खास बूट नाहीत म्हणून हसायचे? पेडलमधून बूट न सुटल्याने चौकात उभ्याउभ्या आडवे झालेले आमच्यात तिघे आहेत. (त्यातला एक मी.) 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधराही लागत नाहीत. तिथे सायकलची किंमत कोणी विचारत नाही.

काका नंतर दोन रविवार आले नाहीत. परवा सकाळी अवधानच्या एमआयडीसीकडे जाताना दिसले, हँडलला डबा अडकवलेला. मी मागून घंटी वाजवली. त्यांनी आधी हाताने खड्डा दाखवला, मग वळून पाहिले.

आपला,
एक सायकलस्वार, धुळे